'तबुला रासा': पलट्याइतके सोपे, मग आतून हलवते ते नेमके काय?

उत्तररात्र

हा धागा एकाच ध्वनिमुद्रिकेविषयी आहे. एस्टोनियन संगीतकार आर्वो पॅर्ट यांची 'तबुला रासा' म्युनिकच्या ईसीएम कंपनीने १९८४ मध्ये काढली आणि तिच्यापासूनच त्या कंपनीच्या 'न्यू सीरीज' मालिकेला सुरुवात झाली. मुद्रिकेत चार रचना आहेत आणि त्या सगळ्या मिळून जेमतेम ५५ मिनिटे चालतात. पहिली व्हायोलिन आणि पियानोवरची 'फ्रात्रेस', दुसरी इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या स्मृत्यर्थ लिहिलेला 'कांटुस', तिसरी पुन्हा 'फ्रात्रेस' पण या वेळी बारा चेलोंवर (चेलो म्हणजे व्हायोलिनच्याच जातीचे मोठे, खालच्या स्वरांचे वाद्य), आणि शेवटची साडेसव्वीस मिनिटांची 'तबुला रासा', म्हणजे कोरी पाटी.

मी रागसंगीतावर वाढलेला श्रोता आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीत मी ऐकतो, पण त्यात माझे घर नाही. ही मुद्रिका मात्र गेले तीन महिने रात्री जेवणानंतर लावतो आहे आणि पाच मिनिटांच्या 'कांटुस'ने मला पुरते निरुत्तर केले आहे. त्याची मांडणी मी एकदा वहीत लिहून काढली. आपल्या भाषेत तो आसावरी थाटाचा, म्हणजे ग, ध, नी कोमल असलेला, नुसता अवरोह आहे. आधी सां, मग सां नी, मग सां नी ध, मग सां नी ध प. दर वेळी वरच्या षड्जापासून सुरुवात करायची आणि एक स्वर जास्त उतरायचे. एक स्वर दोन मात्रांचा, पुढचा एका मात्रेचा, हे लांब-आखूड शेवटपर्यंत बदलत नाही. तंतुवाद्यांचे पाच थर हाच अवरोह वाजवतात, पण प्रत्येक खालचा थर वरच्यापेक्षा एक सप्तक खाली आणि निम्म्या गतीने. बाजूला एक घंटा, तीही एकाच स्वरात. बस्स, एवढेच आहे.

यात कोणी कुठे काही ठरवत नाही. नियम एकदा लावून दिला की रचना आपोआप खाली उतरत जाते. तरीही चौथ्या मिनिटाच्या आसपास माझा गळा दाटून येतो आणि तो का दाटतो, हे मला कळत नाही.

एक विनंती आहे. 'हे तर आपल्या तंबोऱ्यासारखेच' असे कृपया कोणी लिहू नये. आपल्याकडे तंबोऱ्याच्या भूमीवर गाणारा क्षणाक्षणाला निर्णय घेत असतो आणि इथे निर्णय घेणारा कोणी नाहीच, हाच तर माझा प्रश्न आहे.

फाटकीपाटी

शीर्षकावरून मला वाटले की जूनमधल्या शालेय खरेदीचा धागा असावा. तरीही ऐकून पाहिले. 'कांटुस' संपल्यावर आमच्या तीर्थरूपांनी बाहेरून विचारले, "कोण गेले?" त्यांना ब्रिटनविषयी काही ठाऊक नाही, हे मुद्दाम नोंदवतो.

थेट_सव्वापाच

विरोधी मत नोंदवतो आणि ते मी ऐकून बनवलेले आहे. सां, सांनी, सांनीध हा पलटा माझ्या मुलीला तिच्या पेटीच्या गुरुजींनी पहिल्याच महिन्यात शिकवला होता. तो पाच गतींत एकावर एक रचून त्यावर मृत माणसाचे नाव घातले आणि देवळातली घंटा वाजवली, तर कोणाचाही गळा दाटेल. त्यातली किती करामत रचनेची आणि किती घंटेची, हे आधी वेगळे करावे. या प्रकाराला तिकडचे समीक्षक 'होली मिनिमलिझम', म्हणजे मोजक्या स्वरांचे 'पवित्र' संगीत, म्हणतात आणि त्यात कौतुकापेक्षा चिमटा जास्त असतो. पोलंडचे गुरेत्स्की आणि इंग्लंडचे टॅव्हनर यांनाही त्याच खणात बसवले जाते. आता तर चित्रपटात कोणी मरणार असेल किंवा युद्धाची राख दाखवायची असेल, तर पार्श्वभूमीला हमखास पॅर्ट लावतात. जे संगीत कुठल्याही दुःखाला चिकटते, ते मुळात कुठल्याच दुःखाचे नसते, अशी मला शंका आहे.

गज_आणि_तार

सव्वापाच यांनी पलट्याचा मुद्दा काढला हे बरे झाले, कारण मी व्हायोलिन शिकवते आणि पलटा सोपा असतो हा समज रोज मोडताना पाहते. विद्यार्थ्याला द्रुत तान एक वेळ निभावून नेता येते. एकच स्वर आठ मात्रा, गजाचा दाब न बदलता, थरथर न येऊ देता काढायला सांगितला की हाताचे सगळे दोष उघडे पडतात. 'फ्रात्रेस' मी स्वतः शिकायला घेतले होते. सुरुवातीला व्हायोलिन एकटेच चारही तारांवरून गज भराभर फिरवत सूर विणत जाते आणि मध्येच ते सगळे विणकाम थांबून काचेसारखे बारीक, पोकळ स्वर येतात. पहिला भाग महिनाभरात बसला. ते पोकळ स्वर अजून बसलेले नाहीत.

पॅर्ट यांच्या पद्धतीला 'टिंटिनाबुली' म्हणतात, म्हणजे लहान घंटा. ती समजायला अवघड नाही. दोन आवाज असतात. एक आवाज सप्तकात पायरीपायरीने चालतो, उड्या मारत नाही. दुसऱ्या आवाजाला फक्त तीन स्वरांची परवानगी असते आणि आपल्या हिशेबात ते सा, कोमल ग आणि प असे धरावेत. पहिला आवाज ज्या स्वरावर असेल, त्याच्या वरचा किंवा खालचा जवळचा परवानगीचा स्वर दुसऱ्याने घ्यायचा. पहिला भटकतो आणि दुसरा घर सोडत नाही. यामुळे कधी दोघे जुळतात, कधी अगदी शेजारी येऊन एकमेकांना घासतात, आणि ती घासही नियमानेच येते, कोणी भावनेच्या भरात घातलेली नसते. पॅर्ट यांच्या पत्नी नोरा यांनी याचे वर्णन एक अधिक एक बरोबर एक असे केले आहे.

उत्तररात्र, 'निर्णय घेणारा कोणी नाही' हे तुमचे म्हणणे मला अर्धेच पटते. निर्णय घेतलेला आहे, पण तो वाजवण्याच्या आधी. वाजवणाऱ्याकडे उरतो तो फक्त स्वर स्वच्छ ठेवण्याचा भाग, आणि तो भाग छोटा नाही.

खर्जातला

मुद्रणाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण माझा पिंड तोच आहे. ही चार मुद्रणे एका खोलीतली नाहीत, आणि कान देऊन ऐकले तर ते कळतेही. पहिले 'फ्रात्रेस' ऑक्टोबर १९८३ मध्ये बाझेल येथे झाले. व्हायोलिनवर गिडॉन क्रेमर होते आणि पियानोवर कीथ जॅरेट, म्हणजे जॅझवाले जॅरेट. 'कांटुस' जानेवारी १९८४ मध्ये श्टुटगार्टच्या राज्य वाद्यवृंदाने डेनिस रसेल डेव्हिस यांच्या संचालनाखाली वाजवला. बारा चेलो बर्लिन फिलहार्मोनिकचे आहेत आणि ते काम त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतले.

खरी गंमत शेवटच्या रचनेची आहे. ती स्टुडिओत झालेलीच नाही. नोव्हेंबर १९७७ मध्ये बॉन येथे झालेल्या मैफिलीचे पश्चिम जर्मन नभोवाणीने जे मुद्रण केले, तेच इथे घेतले आहे. क्रेमर आणि तात्याना ग्रिंदेन्को ही दोन व्हायोलिने, साउल्युस सोंदेत्स्कीस यांचा लिथुआनियन चेंबर ऑर्केस्ट्रा आणि 'सज्ज' पियानोवर स्वतः आल्फ्रेड श्निट्के, जे त्या काळचे मोठे सोव्हिएत संगीतकार. या पियानोच्या तारांत स्क्रू वगैरे अडकवलेले असतात, त्यामुळे पट्टी दाबली की पियानोऐवजी भांड्याची किंवा गंजलेल्या घंटेची आठवण व्हावी असा आवाज निघतो.

ईसीएमचे मानफ्रेड आयशर यांनी हे संगीत प्रथम गाडी चालवताना रेडिओवर ऐकले आणि गाडी बाजूला घेऊन ते थांबून राहिले, ही हकिकत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. पुढे मुद्रिका काढताना नव्याने, निर्मळ मुद्रण करणे त्यांना शक्य होते, तरी त्यांनी हीच मैफिलीची फीत ठेवली. तिच्यात सभागृहाची जाग आहे. स्टुडिओतली शांतता म्हणजे नुसता आवाजाचा अभाव असतो. शेकडो माणसे आवाज न करता बसली की जी शांतता होते, ती वेगळी असते आणि ती फितीवर उतरते.

नवखा_श्रोता

खर्जातला यांचा प्रतिसाद वाचून हेडफोन लावून पुन्हा ऐकले. शांतता उतरली आहे की नाही ते सांगता येत नाही, कारण आमच्या छताच्या पंख्यानेही त्यात आपली भर घातली. मैफिलीचीच फीत ठेवण्यामागची भूमिका मात्र पटली. प्रश्न असा आहे की आधी कुठली रचना ऐकावी?

गज_आणि_तार

'कांटुस', मग पहिले 'फ्रात्रेस'. शेवटची रचना पंखा बंद करता येईल अशा ऋतूत ऐकावी.

श्टुटगार्टकर

गेली चौदा वर्षे इकडे आहे, त्यामुळे हे संगीत प्रत्यक्ष ऐकण्याची संधी अधूनमधून मिळते. 'तबुला रासा' मी दोनदा सभागृहात ऐकली आहे. एकदा काय घडले ते सांगतो, शहराचे नाव मात्र सांगत नाही.

रचनेचे दोन भाग आहेत, 'लुडुस' म्हणजे खेळ आणि 'सिलेंटियुम' म्हणजे शांतता. 'लुडुस'ची सुरुवात दोन्ही व्हायोलिनांच्या एका मोठ्या आघाताने होते आणि लगेच लांब विराम येतो. पुढे प्रत्येक फेरीत वादन वाढत जाते आणि विराम आखडत जातात. 'सिलेंटियुम' सगळे उलट करते. तिथे सूर 'रे'भोवती, म्हणजे त्यांच्या डी स्वराभोवती, फिरतो. आपण त्यालाच षड्ज मानू. दर फेरीत सूर षड्जापासून एक पायरी जास्त लांब जातो आणि परत येतो, ठरावीक जागी तो सज्ज पियानो खळ्ळकन वाजतो, आणि हे सुमारे सोळा-सतरा मिनिटे चालते. हळूहळू वरची वाद्ये गळत जातात. शेवटी एकटा डबल बेस, म्हणजे तंतुवाद्यांतले सर्वांत मोठे आणि खालच्या स्वराचे वाद्य, खर्जात उतरतो, ऋषभापर्यंत येतो आणि षड्ज घेत नाही. स्वरलिपीत पुढे रिकाम्या मात्रा लिहिलेल्या आहेत. म्हणजे शेवटचा 'सा' श्रोत्याने स्वतःच मनात लावायचा आहे.

त्या संध्याकाळी ऋषभ विरला आणि तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी टाळी वाजवली. एकच टाळी. संचालकांनी हात खाली घेतले नाहीत, मान वळवली नाही, दोन्ही हात तसेच हवेत धरून ते उभे राहिले. त्या गृहस्थांचा तळवा तळव्यावर तसाच चिकटून राहिला असावा, कारण पुढचे जवळपास अर्धे मिनिट सभागृहात श्वासही ऐकू येत नव्हता. मी अनेक मैफिलींत भरभरून दाद दिली आहे, पण इतका घट्ट धरलेला 'सा' मी कधी ऐकलेला नाही. गंमत म्हणजे तो कोणी वाजवलाच नव्हता.

फाटकीपाटी

ऋषभावर सोडून षड्ज न देणे, हे आमच्याकडे एका मैफिलीत तबलजीची गाडी सुटण्याची वेळ झाल्यामुळे घडले होते. आपण दुर्दैवाने त्याला नावीन्य म्हटले नाही.

थेट_सव्वापाच

श्टुटगार्टकर, प्रसंग सुंदर सांगितलात. पण पाहा, तुम्हीही शेवटी संचालकांच्या हातांविषयी आणि त्या गृहस्थांच्या तळव्यांविषयीच बोललात. संगीताने सोडलेली जागा माणसांनी भरली. मग श्रेय कोणाचे?

शिवाय एक उत्तर अजून मिळालेले नाही. एवढे साधेपण हे कष्टाचे फळ आहे की पळवाट? ज्याला गुंतागुंतीचे लिहिता येत नाही, तोही साधेच लिहितो.

उत्तररात्र

याचे उत्तर इतिहासात आहे आणि ते थोडे लांबणार आहे.

पॅर्ट यांचा जन्म १९३५ चा, एस्टोनियातल्या पाइदे गावातला. देश पुढे सोव्हिएत संघात गेला. टालिनच्या संगीत विद्यालयात शिकत असतानाच १९५८ पासून ते एस्टोनियन रेडिओत ध्वनिमुद्रक म्हणून नोकरीला होते आणि ती नोकरी १९६७ पर्यंत चालली. १९६० मध्ये त्यांनी बारा स्वरांच्या क्रमाने बांधलेली 'नेक्रोलोग' ही रचना लिहिली. एस्टोनियात या पद्धतीने लिहिलेली ती पहिली रचना मानली जाते, आणि पाश्चात्त्य औपचारिकतावादाच्या आरोपाखाली सरकारी वर्तुळातून तिच्यावर टीका झाली. म्हणजे त्यांना गुंतागुंतीचे लिहिता येत होते, आणि तेही अंगावर शेकेल इतके. १९६८ मध्ये 'क्रेडो' आले. त्यात बाखच्या एका प्रास्ताविकाचे निर्मळ सूर आणि कर्कश गोंगाट समोरासमोर उभे केलेले आहेत, आणि शब्द उघडउघड ख्रिस्तावरील श्रद्धेचे. पुन्हा गहजब झाला.

त्यानंतर सात-आठ वर्षे ते जवळजवळ गप्प होते. उदरनिर्वाहासाठी चित्रपटांना संगीत देत होते आणि १९७१ मध्ये तिसरी सिंफनी लिहिली, पण मुख्य काम वेगळेच होते. ते चर्चमधली जुनी, एकाच सुरावटीची ग्रेगोरियन पठणे आणि मध्ययुगीन बहुस्वरी संगीत यांचा अभ्यास करत होते. एकेका आवाजाच्या सुरावटीच वह्यांमागून वह्या भरून लिहीत होते. ऑर्थोडॉक्स पंथात त्यांनी याच काळात प्रवेश केला. १९७६ मध्ये 'फ्युर आलिना' ही पियानोची दोन पानी रचना आली आणि टिंटिनाबुलीचा जन्म झाला. पुढच्या एका वर्षात या मुद्रिकेतल्या तिन्ही रचना मूळ रूपात लिहून झाल्या ('फ्रात्रेस'ची इथली दोन्ही रूपे नंतरची). ब्रिटन ४ डिसेंबर १९७६ रोजी गेले, त्यातून 'कांटुस' झाला. 'तबुला रासा' टालिनमध्ये सप्टेंबर १९७७ मध्ये प्रथम वाजली. संचालक एरी क्लास यांना श्निट्के यांच्या एका कॉन्चेर्तोसोबत (एकल वाद्ये आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) वाजवायला तशाच वाद्यांची दुसरी रचना हवी होती, म्हणून तिच्यात दोन व्हायोलिने आणि सज्ज पियानो आहेत. इतकी व्यावहारिक सुरुवात. जानेवारी १९८० मध्ये पॅर्ट कुटुंब देश सोडून व्हिएन्नाला आणि तिथून बर्लिनला गेले. परत एस्टोनियात स्थायिक व्हायला तीस वर्षे लागली.

तेव्हा सव्वापाच, ही पाटी कोरी मिळालेली नाही, पुसून कोरी केलेली आहे. आमच्या लहानपणी पाटी पुसली तरी जुन्या अक्षरांचा पांढुरका माग राहायचा. 'लुडुस' ऐकताना मला तो माग दिसतो.

थेट_सव्वापाच

कष्टाचा मुद्दा मान्य करतो. घंटेचा अजून मान्य नाही.

जवारी

उत्तररात्र यांची माफी मागून त्यांची विनंती मोडतो. तंबोऱ्याविषयी लिहिल्यावाचून मला राहवत नाही, पण 'आपल्यासारखेच आहे' असे म्हणणार नाही, एवढे वचन देतो. सव्वापाच यांच्या घंटेचे उत्तरही यातच आहे असे मला वाटते.

मिरजेत वाद्ये बनवणाऱ्यांच्या ओळीत मी बराच काळ बसलो आहे. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवर तारेला मिळणारी झणक, नीट निघाली आणि पंचम-षड्ज अचूक मिळाले की एक चमत्कार ऐकू येतो. कोणी न छेडलेला गंधार आपोआप बोलू लागतो. त्याला जाणकार स्वयंभू गंधार म्हणतात. तो शुद्ध गंधार असतो, कारण षड्जाच्या तारेत जे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत मंदपणे उमटणारे वरचे स्वर, दडलेले असतात, त्यांत पाचवा तोच आहे. खालच्या तारेला दोरा किंचित सरकवून कारागीर त्या गंधाराचीच वाट पाहत बसतो. तो आला की मान हलवतो आणि वाद्य बाजूला ठेवतो.

आता 'कांटुस'चा शेवट ऐका. पाचही थर उतरत उतरत आपापल्या मुक्कामाच्या स्वरावर येतात. जो आधी पोचतो तो तिथेच थांबून राहतो, बाकीच्यांची वाट पाहतो. सगळ्यांत मंद थर शेवटी षड्जावर टेकतो आणि सगळे मिळून कोमल गंधाराचा तो भरलेला, जड झंकार खूप वेळ धरून ठेवतात. त्याच वेळी घंटेवर एक हलका टोला पडतो, इतका हलका की तंतुवाद्यांच्या आवाजात तो कळत नाही. मग सगळे गज एकदम उचलले जातात. मागे घंटेचा नाद तेवढा उरतो आणि त्याच्या उपस्वरांत शुद्ध गंधार असतो. पाच मिनिटे तुम्ही कोमल गंधारात भिजलेले असता आणि अखेरच्या काही क्षणांत, कोणी न वाजवलेला शुद्ध गंधार कानावर येतो.

म्हणून सव्वापाच, घंटा ही वरून शिंपडलेली भक्ती नाही. तिच्या पोटात शेवटचा स्वर आधीपासून आहे. पहिल्या ठोक्यापासून तो तिथे होता, पण तंतुवाद्यांनी तो झाकला होता.

थेट_सव्वापाच

हे तपासायला हवे. चार वेळा ऐकले. तिसऱ्या वेळी आला असे वाटले, चौथ्या वेळी तुमचा प्रतिसाद वाचल्यामुळे आला असे वाटले.

खर्जातला

हेडफोन चांगले असतील तर येतो. शेवटचे पंधरा सेकंद आवाज वाढवून ऐकावेत, मात्र संपताच तो खाली आणायला विसरू नये, कारण पुढची रचना सुरू होते. जवारी यांनी सांगितलेले काही लिहिणाऱ्यांनीही नोंदवलेले आहे. मलाही तो आधी ऐकू आला आणि नंतर वाचायला मिळाला, त्यामुळे माझी साक्ष धरायला हरकत नाही.

थोडे अवांतर, पण याच कंपनीविषयी: ईसीएमचा आपल्याशी संबंध पॅर्टपुरता नाही. शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू आणि झाकीर हुसेन हे दोघेही एल. शंकर यांच्या १९८५ च्या मुद्रिकेत वाजले आहेत आणि ती ईसीएमचीच आहे. त्याच आयशरांच्या कानाखालून 'कांटुस' आणि आपला तबला असे दोन्ही गेले आहेत.

सौ_दुगुन

मी माध्यमिक शाळेत संगीत शिकवते. धागा वाचून राहवेना, म्हणून शनिवारी नववीच्या वर्गावर प्रयोग केला.

पाच थर जमणार नव्हते, म्हणून तीन केले. एका गटाने ठाय, म्हणजे सर्वांत संथ लयीत उतरायचे, दुसऱ्याने दुगुनीत म्हणजे दुप्पट गतीने, तिसऱ्याने चौगुनीत म्हणजे चौपट. सुरुवात एकदम, वरच्या षड्जापासून. सां, सां नी, सां नी ध, सव्वापाच यांच्या कन्येचाच पलटा. ठायीच्या गटात जायला कोणीच तयार नव्हते. शेवटी मागच्या बाकावरची सात मुले, ज्यांचा आवाज फुटतो आहे आणि एरवी जी नुसते ओठ हलवतात, त्यांना मी तिकडे ढकलले.

पहिल्यांदा गोंधळ झाला, कारण चौगुनवाले बाकीच्यांना ओढत होते. दुसऱ्यांदा मी त्यांना दुसऱ्यांचे ऐकूच नका, फक्त आपले मोजा, असे सांगितले. मग ते घडले. वरचे स्वर झरझर उतरून पुन्हा वर जात होते, मधले त्यांच्या मागून येत होते आणि तळाला ती सात मुले एकेक स्वर धरून उभी होती. त्यांचा श्वास पुरेना, तेव्हा न सांगताच ती आळीपाळीने श्वास घेऊ लागली. कुठे कुठे तीन गटांचे स्वर घासले आणि मुलांनी दचकून माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, चालू द्या म्हटले.

चौगुनवाले अर्थातच आधी खाली पोचले आणि खालचा षड्ज धरून राहिले. त्यांच्यातली एक मुलगी नंतर म्हणाली, "बाई, आम्ही पोचलो तरी हे अजून चाललेच होते. आम्हाला माहीत होते ते कुठे येणार आहेत, पण त्यांना घाईच नव्हती."

उत्तररात्र, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला देता येणार नाही. पण ते वाक्य ऐकल्यावर मी घरी येऊन 'कांटुस' लावला, आणि तुम्ही म्हणता त्या चौथ्या मिनिटाला माझीही तीच गत झाली.

उत्तररात्र

बाई, साष्टांग नमस्कार. मी तीन महिने वरचा थर ऐकत होतो, कारण कान आपोआप गतीकडे जातो. आज डबल बेसचा थर धरून ऐकला. वरचे सगळे जिथे जाणार ते आपल्याला पहिल्या मिनिटातच कळलेले असते, आणि खालचा थर तिकडेच निघालेला असतो, पण सोळापट सावकाश. येणार हे ठाऊक असलेली गोष्ट येताना ऐकणे, असे काहीसे आहे ते. माझ्या मूळ प्रश्नातला 'निर्णय घेणारा कोणी नाही' हा भाग आता मला तक्रार वाटत नाही.

थेट_सव्वापाच

दुगुनबाई, प्रयोगाबद्दल मनापासून आभार. आणि घंटा?

सौ_दुगुन

शिपाईमामांना विचारून शाळेचा टोल वाजवला होता. पोरांनी शेवटचा 'सा' सोडला आणि मागे फक्त टोल उरला. त्यात गंधार तर नव्हताच, षड्जही धड नव्हता. काळी चार आणि पांढरी पाच यांच्या मधे काहीतरी घणघणत होते. दोन मुलांना मात्र शाळा सुटल्यासारखे वाटून ती दप्तरे उचलू लागली.

खर्जातला

टोल म्हणजे पितळेची सपाट थाळी. तिचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्णांक पटींत नसतात, म्हणून नाद मोठा येतो पण सूर ठरत नाही. नळीची घंटा करून पाहावी. नळकामवाल्याकडून लोखंडी पाइपचा मीटरभर तुकडा घ्या, टोकापासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर भोक पाडून दोरीने टांगा, कारण तिथे नळी सर्वांत कमी हलते. सूर खाली वाटला तर थोडी कापा, लांबी निम्मी केली तर कंपने चौपट होतात, त्यामुळे कापताना हात आखडता ठेवा. सूर चढला तर मग नळी वाढवता येत नाही, मुलांचा षड्ज चढवावा लागेल. गंधार निघेलच अशी हमी मी देत नाही.

जवारी

नळी टांगायला मी येतो. शनिवार कितीची वेळ आहे?

सौ_दुगुन

सकाळी सव्वाआठ. आणि ठायीच्या गटात सात जणांची जागा आहे, या वेळी एकोणीस जणांनी नावे दिली आहेत.